थोरलीला मागणी आली

आमच्या घरात मी धाकटी. थोरली बाहेर अंगणात, ताडपत्रीखाली झोपायची. तिला चार चाकं होती, दोन गोल डोळे होते, इंजिन पाठीला होतं आणि पोटात अख्खा संसार: उलगडली की पलंग होणारी बाकं, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी आणि वर ढकललं की तंबूसारखं उभं राहणारं छत. बाबांच्या लग्नाच्या आदल्या वर्षी एक परदेशी जोडपं या गाडीतून युरोपातून निघालं आणि वाटेतले सगळे देश ओलांडून पुण्याला आलं. इतक्या लांब गाडीने आलेल्या त्या दोघांनी परत जाताना मात्र विमान पकडलं. यातून शहाण्या माणसाने काय ते समजावं, असं आई म्हणायची. बाबांनी ती गाडी विकत घेतली.

बाबांचं लक्ष्मी रोडवर चष्म्याचं दुकान होतं. निम्म्या पुण्याला त्यांनी नीट बघायला लावलं होतं, पण या गाडीकडे बघताना त्यांची स्वतःची नजर कायमची अधू व्हायची. घरात नवी नवरी आली तेव्हा अंगणात ही आधीच होती, म्हणून ही थोरली. आई त्यावर म्हणायची, "मला बिजवराला दिली असती ना, तरी एवढी मोठी सावत्र मुलगी पदरात आली नसती." हे ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणायची. बाबांना ते ऐकू यायचं, पण ते ऐकू न आल्यासारखे गाडीच्या काचेवर 'हा' करून पुसत राहायचे. आणि पुसायचे कशाने? त्यांच्या जुन्या, धुवून धुवून सायीसारख्या मऊ झालेल्या सदऱ्यांनी. थोरलीच्या अंगाला मऊ सदरे आणि माझ्या अंगाला आत्तेबहिणीचे खाली उतरवलेले फ्रॉक. हा पंक्तिप्रपंच मी फार लहानपणी टिपला होता आणि मनात जपून ठेवला होता.

आमच्या घरात 'अहो' दोघांनाच म्हटलं जायचं. आई बाबांना म्हणायची आणि बाबा गाडीला. आई त्यांच्यासाठी "अगं", मी "अगं ए", आणि थोरली मात्र "अहो". सकाळी दुकानाला निघताना ते तिच्यात चढायचे, दार हलकेच ओढून घ्यायचे, आणि आमच्यापैकी कुणाशी बोलताना कधी न काढलेल्या आवाजात म्हणायचे, "अहो, चला. उठा आता. उशीर होतो." थोरली उठायची नाही. खर्र-खर्र-खर्र करायची आणि पुन्हा कुशीवर वळायची. पेट्रोलचा वास अंगणभर पसरायचा. बाबा हात जोडून बसल्यासारखे गप्प बसायचे, पुन्हा आर्जव करायचे, पुन्हा खर्र-खर्र. ही गाडी पहिल्या हाकेला उठल्याचं आमच्या गल्लीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आईने तर त्यावर घड्याळ लावलं होतं. बाबा "गाडी काढतो" म्हणाले की ती कांदा चिरायला घ्यायची. पहिली खर्रखर्र झाली की फोडणी. बाबा दुसऱ्यांदा "अहो" म्हणेपर्यंत पोहे परतून व्हायचे, आणि इंजिन एकदाचं धरून बंगल्याची तावदानं थरथरू लागली की पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडलेली असायची. मग बाबा विजयी वीरासारखे आत येऊन खायचे. बाहेर ती धडधडत उभी, आत आम्ही बशा घेऊन बसलेलो. तिच्याखेरीज कुणी बोलायचं नाही, कारण दुसऱ्या कुणाचं ऐकूच यायचं नाही.

मी तिचा द्वेष करायचे असं म्हणणं सौम्य होईल. मला तिचा मत्सर वाटायचा, आणि तो मी मनापासून, रोज व्यायाम केल्यासारखा करायचे. दसऱ्याला पहिला झेंडूचा हार तिला, आणि हार ओवून उरलेली फुलं माझ्या सायकलच्या दांड्याला. माझ्या वाढदिवसाला बाबा एकदा लांबून काहीतरी मोठं, गोल, कागदात गुंडाळलेलं घेऊन येताना दिसले. मी फाटकापर्यंत धावले. टायर होतं. आजारी मी पडले तर गल्लीतले डॉक्टर, ती पडली तर थेट मुंबईहून मिस्त्री. आता माझी पन्नाशी उलटली आहे, आणि ही विद्या मी अजून विसरलेले नाही. थोरली आजही आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे, आणि रविवारी लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला जोडपी तिच्याकडे येतात. परवाच एक पोरगेलासा फोटोग्राफर मला म्हणाला, "मावशी, फ्रेममधून जरा बाजूला व्हाल? गाडी झाकली जातेय." मी झाले बाजूला. पण ज्या नजरेने मी त्या गाडीकडे पाहिलं, ती नजर त्याने टिपायला हवी होती.

एवढं सगळं असलं, तरी त्या गाडीत एक जागा माझी होती, आणि ती मी जीव गेला तरी सोडली नसती. गाडी परदेशी, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. चालवणारे बाबा डाव्या बाजूला, आणि आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो त्या उजव्या सीटवर मी, हातात काहीही नसताना. रस्त्यावरच्या लोकांना लांबून वाटायचं की दोन वेण्या घातलेली बारा वर्षांची मुलगी एवढं धूड हाकते आहे. अलका टॉकीजच्या चौकात एका हवालदाराने शिट्टी मारून मला थांबवलं होतं. बाबांनी पलीकडून वाकून नमस्कार केला तेव्हा तो बिचारा गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून निमूट गेला. पण त्या जागेला एक काम होतं. डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या गाडीला ओलांडायचं असलं की समोरून काय येतंय ते दिसत नाही. ते दिसतं फक्त उजवीकडच्याला. म्हणून बाबा विचारायचे, "जाऊ का?" आणि मी मान बाहेर काढून बघायचे आणि सांगायचे, "थांबा," नाहीतर "चला". मी "थांबा" म्हटलं की ते थांबायचे. "चला" म्हटलं की जायचे. घरात माझ्या सांगण्यावर कुणी पाण्याचा पेलाही हलवत नसे, आणि इथे मी सांगायचे आणि अख्खं घर जायचं. त्या कामात मी खोटं बोलत नसे. मत्सर एकीकडे, कर्तव्य एकीकडे.

तर त्या थंडीत बाबांना जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. मेळावा लोणी काळभोरला, एका मोठ्या मोकळ्या माळावर. आम्ही राहायचो कर्वेनगरला. म्हणजे शहराच्या या टोकाला आम्ही आणि त्या टोकाच्या थोडं पलीकडे लोणी. पण नियम असा होता की प्रत्येक गाडीने स्वतःच्या बळावर आदल्या संध्याकाळी पोहोचायचं, आणि जिच्यात झोपता येतं तिच्यात मालकाने झोपायचं. आईने हे ऐकलं आणि काशीला निघाल्यासारखी तयारी सुरू केली. दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी झाली, गुळपोळ्यांचा डबा झाला. लिंबाच्या लोणच्याची बरणी दादरा बांधून तयार झाली. बाबा म्हणाले, "अगं, लोणीला जातोय आपण. लोणीला दुकानं आहेत." आई म्हणाली, "लोणीला आहेत हो. पण तुमची थोरली आपल्याला लोणीपर्यंत नेणार की हडपसरला सोडणार, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही."

तिने आम्हाला हडपसरला सोडलं नाही, पण कर्वे रोडला एकदा, स्वारगेटला एकदा आणि मग हडपसरच्या पुढे निवांत रस्ता बघून एकदा विश्रांती घेतली. प्रत्येक विश्रांतीला आई खाली उतरून सतरंजी अंथरायची आणि डबा उघडायची. गुळपोळ्या मांजरी फाट्याच्या आतच संपल्या. त्या वेळी हडपसर मागे पडलं की दोन्ही अंगांना ऊस लागायचा, आणि कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड, धुरकट वास यायचा. आज मी माझ्या थंडगार, मुकाट चालणाऱ्या गाडीतून त्याच रस्त्याने जाते तेव्हा दोन्ही अंगांना इमारती असतात, आणि वेळही तेवढाच लागतो; तेव्हा गाडीमुळे लागायचा, आता गाड्यांमुळे लागतो. त्या दिवशी मात्र मी उजव्या सीटवर ताठ बसले होते. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग. बाबा विचारत होते, "जाऊ का?" मी सांगत होते, "थांबा, ट्रक आहे... अजून एक आहे... चला!" आणि आम्ही बैलांच्या घंटांना मागे टाकत होतो. त्या एका तासात मला थोरली जवळजवळ आवडली, हे मी तिला कळू दिलं नाही.

माळावर पोहोचलो तर दिवेलागणीची वेळ. दुसरं एखादं मूल त्या गाड्या बघून हरखलं असतं. मला दिसलं ते एवढंच की जगात बाबांसारखे आणखी पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांच्या घरी माझ्यासारखी आणखी पुष्कळ मुलं असणार. सगळे एकमेकांच्या गाड्यांपुढे असे उभे होते जसे बारशाला आलेले पाहुणे पाळण्यापुढे उभे राहतात. मेळावा भरवला होता एका निवृत्त मेजरसाहेबांनी, मिशांना पीळ आणि पायात गुडघ्यापर्यंतचे मोजे. जागा आणि जेवण मात्र रावसाहेबांचं. रावसाहेब मांजरीचे बागायतदार, पांढऱ्या कपड्यांतला आडवा, हसतमुख माणूस. त्यांच्या गोठ्याशेजारी म्हणे दुसरा गोठा होता, त्यात पाच-सहा जुन्या मोटारी होत्या. त्यांनी आमच्या थोरलीभोवती फिरून तिच्या पाठीवर थाप मारली. बाबांचा चेहरा कसनुसा झाला. तिला थाप मारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

"चष्मेवाले," रावसाहेब म्हणाले, "गाडी लय भारी हाय बघा तुमची. आतमधी सैपाकघर पण हाय म्हणं?"

"आहे ना. वापरतो आम्ही," बाबा फुलून म्हणाले.

"आम्ही म्हणजे मी," आई आतून म्हणाली.

रावसाहेबांच्या बरोबर त्यांची मुलगी होती, शीतल. माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा उंच, आणि वेण्यांना खऱ्या मोगऱ्याचे गजरे; ते थंडीच्या दिवसांत तिला कुठून मिळाले ते देव जाणे. तिने मला मूठभर गरम हुरडा दिला आणि विचारलं, "तुमी ह्याच्यात खरंच झोपता?" मी म्हटलं, "हो. रोज." साफ खोटं. शेकोटीभोवती हुरडा, दही, लसणाची चटणी झाली, आणि आम्ही थोरलीच्या पोटात शिरून झोपलो. बाबा झोपण्यापूर्वी तिच्या छताला हात लावून "शुभरात्री" म्हणाले. मला वाटलं मला म्हणाले, म्हणून मीही म्हटलं. त्यावर आई पांघरुणात हसल्याचं मला ऐकू आलं.

सकाळी मेजरसाहेबांनी एक पितळी परात मध्यभागी ठेवली आणि सगळ्यांना चाव्या आत टाकायला सांगितल्या. या मेळाव्याची ही रीत होती. तिला ते 'पाहुणी फेरी' म्हणत. परातीवर फडकं टाकायचं, प्रत्येकाने हात घालून एक चावी काढायची आणि ज्या गाडीची निघेल ती गाडी माळाभोवती एक चक्कर फिरवून आणायची. मालकाने शेजारी बसायचं नाही आणि सूचना द्यायची नाही. "गाडी मालकाच्या जिवावर चालते की स्वतःच्या, ते एकदा तरी कळलं पाहिजे," मेजरसाहेब म्हणाले. बाबा आमंत्रण वाचताना ही ओळ वाचायला विसरले असावेत. ते चावी धरून इतका वेळ उभे राहिले, की मागच्या माणसाने "टाकताय ना?" असं विचारलं. आमच्या घरी आल्यापासून थोरलीचं स्टिअरिंग बाबांखेरीज कुणी धरलेलं नव्हतं; मला तर त्याला नुसतं बोट लावलं म्हणून हात धुऊन यायला सांगितलं होतं. अखेर त्यांनी चावी परातीत टाकली नाही, अलगद ठेवली.

आमची चावी रावसाहेबांच्या हाती लागली. बाबांच्या हाती मेजरसाहेबांच्या मोटारसायकलची आली. ती त्यांनी खिशात टाकली आणि विसरले, आणि मेजरसाहेब दुपारपर्यंत ती सगळ्यांना विचारत फिरले. बाबांचं लक्ष एकाच ठिकाणी होतं. रावसाहेब थोरलीत चढले. दार धाडकन लावलं. गवतावर अजून दंव होतं, काचांवर धुकं होतं, ती रात्रभर थंडीत उभी होती. माझ्या शेजारी बाबा पुटपुटले, "नाही उठायची. त्यांना सांगायला हवं, तिला जरा वेळ लागतो. अनोळखी माणूस..." आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीखाली एक समाधानही होतं. ती दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही, याचं समाधान. रावसाहेबांनी चोक अर्धा ओढला, चावी फिरवली, आणि थोरली एका खर्रला उठली.

नुसती उठली नाही, खणखणीत उठली. आढेवेढे नाहीत, खोकला नाही, पेट्रोलचा वास नाही. इतक्या वर्षांच्या आर्जवांना जिने दाद दिली नव्हती, ती एका थाप मारणाऱ्या माणसाच्या हाताखाली "अहो" न म्हणता सुरू झाली आणि डौलात माळाला चक्कर मारून आली. मी बाबांकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखला. ओळखणारच, बेसिनवरच्या आरशात रोज बघत होते मी तो. दसऱ्याला हार ओवताना, वाढदिवसाच्या टायरपुढे, मऊ सदऱ्यांचा बोळा बघताना माझा जसा व्हायचा, अगदी तसाच, ओठ मिटलेला, हसू शिवून बसवलेला चेहरा. आमच्या घराण्याच्या चेहऱ्याला मत्सर फार शोभतो, हे मला त्या दिवशी कळलं.

रावसाहेब खाली उतरले ते प्रेमात पडूनच. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. "चष्मेवाले, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही आमाला द्या. चांगली नांदवू. सावलीला ठिवू. तुमी म्हणाल ते."

आता बाबा काय म्हणणार हे मला, आईला आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण बाबा म्हणाले, "दुपारी सांगतो." आणि पाठीमागे हात बांधून उसाच्या बांधाकडे चालायला लागले.

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "आई, थोरलीला मागणी आली?" ती म्हणाली, "आली. आणि बापाला वाटतंय, पोरगी परक्या घरी जास्त सुखात दिसतेय." मग जिने ही गाडी घरातून जावी म्हणून माझ्या देखत देवाला साकडं घातलं होतं, तीच आई ओटा पुसायला लागली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मसाल्याचा डबा छातीशी धरला आणि कुणी मागितला नसताना म्हणाली, "हा माझा आहे. हा नाही जायचा."

माझ्या मनात मात्र सनई सुरू झाली होती. मी लग्नच लावून टाकलं. थोरली हार घालून निघाली आहे, मी करवली आहे, डोळ्यांना रुमाल लावून सगळ्यांत मोठ्याने मी रडते आहे. मग रिकामं अंगण. मग घरात एकच मुलगी. मऊ सदरे कुणाला? मला. टायरच्या आकाराचा खाऊ कुणाला? मला. कदाचित 'अहो'सुद्धा. अशी मी स्वप्नात पार कर्वेनगरला पोहोचले होते, तेवढ्यात कुणीतरी भोंगा वाजवला.

शीतल थोरलीत बसली होती. उजव्या सीटवर. माझ्या. मोगऱ्याचे गजरे माझ्या खिडकीतून बाहेर डोकावत होते. तिने मला बोलावलं आणि आनंदाने सांगितलं, "हितनं सगळं दिसतंय गं. पप्पा तिकडं बसणार, म्हणजे त्यांना पुढचं दिसायचं न्हाई. मीच सांगणार त्यांना, जावा म्हणून." आणि तिने मान बाहेर काढून समोरच्या रिकाम्या माळाला मोठ्याने हुकूम दिला, "जावा पप्पा, मोकळं हाय!"

माझ्या पोटात जे पेटलं, त्यावर आईने चहा केला असता. सनई जागच्या जागी बंद पडली. जन्मभर मी थोरलीवर जळले होते. पण शीतलवर मी ज्या वेगाने जळले त्यापुढे ते काहीच नव्हतं. घर दिलं असतं, अंगण दिलं असतं, थोरली तर आनंदाने दिली असती. पण ही सीट? या सीटशिवाय बाबा माझं काय ऐकत होते? थोरली गेली की "जाऊ का?" जाणार होतं. मग ते रिक्षाने दुकानात जाणार आणि मी बसने शाळेत. आणि इकडे लोणीच्या रस्त्यावर ही गजरेवाली मान बाहेर काढून माझे शब्द बोलणार.

मी धावत बांधाकडे गेले. बाबा एका उपड्या बादलीवर बसले होते, चष्मा काढून हातात. धापा टाकत मी म्हटलं, "बाबा, रावसाहेबांनी पाय दिला नाही."

"काय?"

"गाडी सुरू करताना. त्यांनी पाय दिलाच नाही. नुसती चावी फिरवली, खिडकीतून दिसणारा खांदासुद्धा हलला नाही. तुम्ही आधी ॲक्सिलरेटरवर पाय देता. 'अहो' म्हणताना एकदा दाबता, 'चला' म्हणताना एकदा, आणि 'उठा आता' म्हणताना तर दोनदा. मला वाटायचं, तुम्ही तिला थोपटता."

बाबांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं, काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. "मी पाय देतो?" त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे असं पाहिलं, जसं एखाद्या विश्वासू नोकराकडे चोरी सापडल्यावर पाहावं. मग पुटपुटले, "थंड इंजिन, वर चोक, आणि मी वरून पेट्रोल पाजतोय... वर्षानुवर्षं बुडवतोय तिला." ते उठले. इतक्या मोठ्या ढांगा टाकताना मी बाबांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

जेवणं होईपर्यंत इंजिन गार पडू दिलं. तेवढा वेळ मी माझ्या सीटवर बसून राहिले; शीतलला मी "तुला आई बोलावतेय" असं सांगून उतरवलं होतं, कोणाची आई ते सांगितलं नाही. मग बाबा चढले. पाय पुन्हा आपोआप जाईल ही भीती त्यांना इतकी, की त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि ड्रायव्हरच्या सीटवर चक्क मांडी घालून बसले, पूजेला बसतात तसे. तोंड उघडलं तर पाय हलेल म्हणून ओठ घट्ट मिटले. आईने खिडकीतून विचारलं, "नैवेद्य आणू का?" बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी चावी फिरवली. थोरली एका खर्रला उठली.

बाबा तसेच मांडी घालून बसले. मसाल्याचा डबा आईने आत येऊन ओट्याखालच्या फळीवर, त्याच्या नेहमीच्या खोबणीत सरकवला आणि दार लावून घेतलं.

रावसाहेब उत्तरासाठी उभे होते, भोवती निम्मा मेळावा जमला होता. बाबा खाली उतरले, कपडे नीट केले आणि हात जोडून म्हणाले, "रावसाहेब, स्थळ उत्तम आहे. पण आमची धाकटी नको म्हणते."

सगळे हसले. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. थोरलीकडे नाही, माझ्याकडे. रावसाहेब मोठ्याने म्हणाले, "चुकलंच माझं. आधी धाकटीला इचारायला पायजे हुतं." आणि त्यांनी उसाची एक मोळी आमच्या टपावर बांधून दिली. शीतल निरोपाला आली नाही. लांब उभी राहून उजव्या खिडकीकडे बघत होती. तिचा चेहराही मला ओळखीचा वाटला, आणि इतका गोड वाटला की मी हात हलवला.

परतीच्या वाटेवर, मांजरीच्या अलीकडे बाबांनी विचारलं, "तुला गं कसं कळलं? माझा पाय मलाही माहीत नव्हता."

"मी बघते ना रोज."

"काय बघतेस?"

"तुम्ही तिच्याकडे कसं बघता ते."

मागे आईने उसाचा तुकडा कडकन मोडला. रस्त्यावर आमच्यापुढे उसाने लादलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली आली, डोंगराएवढी, मुंगीच्या पावलांनी चाललेली. बाबांनी वेग कमी केला. उन्हं कलली होती, थोरलीचं इंजिन पाठीमागे एका सुरात चाललं होतं, आणि डावीकडून तो प्रश्न आला. पण या वेळी त्यांनी मान वळवून, माझ्याकडे बघून विचारला.

"जाऊ का?"

मी मान बाहेर काढली. समोर हडपसरपर्यंत रस्ता स्वच्छ मोकळा होता. एक सायकलसुद्धा नव्हती.

"थांबा," मी म्हटलं.

बाबा थांबले. थोरलीही मागेच राहिली. त्या ट्रॉलीच्या मागे आम्ही दोघी बहिणी हळूहळू चालत राहिलो, आणि मी पुन्हा तो प्रश्न येण्याची वाट बघत बसले.